अर्धशिशी आणि बोटॉक्स: पहिल्या नोंदीपासून तिसऱ्या फेरीपर्यंत

"महिन्यातून किती दिवस डोकं दुखतं?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी पटकन सांगून टाकलं, आठ-दहा दिवस. त्यांनी महिनाभर वहीत मांडून आणायला सांगितलं. महिनाअखेर मोजले तर २२ भरले. मी खोटं बोलले नव्हते. अंथरुणातून उठता आलं नाही तेवढेच दिवस मी धरत होते. कानशिलं ठणकत असताना गोळी घेऊन रेटून नेलेले दिवस माझ्या हिशेबी चांगले दिवस होते.

बोटॉक्स घ्यायचं की नाही, ते लागू पडलं की नाही आणि बंद कधी करायचं, हे तिन्ही निर्णय या आकड्यावर होतात. ज्यांचं डोकं महिन्यातले निम्मे दिवस दुखतं आणि ज्यांना कुणीतरी "बोटॉक्स घेऊन बघा" असं सुचवलंय, त्यांच्यासाठी मी हे सगळं क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही. कित्येक वर्षं अर्धशिशी काढलेली आणि ही इंजेक्शनं घेतलेली रुग्ण आहे.

आधी वही

बोटॉक्स हा दर १२ आठवड्यांनी एक फेरी अशा इंजेक्शनांचा उपचार दीर्घकालीन अर्धशिशीसाठी आहे. तिची व्याख्या ठरलेली आहे: तीन महिन्यांहून जास्त काळ, दर महिन्याला १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोकेदुखी, आणि त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे. लक्षणं म्हणजे एका बाजूला ठणका, हालचालीने वाढणारं दुखणं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं. ज्यांना महिन्यातून चार-सहा वेळाच झटका येतो त्यांच्यावरही बोटॉक्सच्या चाचण्या झाल्या, पण त्यांना ठोस फायदा दिसला नाही. ताणामुळे होणाऱ्या साध्या डोकेदुखीचंही तेच. तेव्हा तुम्ही कुठल्या गटात बसता हे ठरवण्यासाठी मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

वही साधीच ठेवा. मोबाइलवरही नोंद चालते, पण डोकं चढलेलं असताना पडद्याच्या उजेडाकडे बघवत नाही, म्हणून मी कागदावर लिहिते. महिन्याचे चौकोन आखायचे आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी एक खूण करायची. डोकं अजिबात दुखलं नाही तर चौकोन कोरा. दुखलं पण काम करता आलं तर एक तिरपी रेघ. काम सोडावं लागलं, उलटी झाली, अंधारात पडून राहावं लागलं तर फुली. गोळी घेतली असेल तर त्याच चौकोनात नाव आणि संख्या. बस्स. पहिल्यांदा मी जेवण, झोप, हवा, चिडचिड असं सगळं लिहायला गेले आणि नवव्या दिवशी कंटाळून सोडून दिलं. रोज अर्ध्या मिनिटात होईल तेवढंच लिहा, म्हणजे ते टिकतं.

एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या: कोरे चौकोन खरोखर कोरे आहेत का? सकाळी उठताना डोकं जड होतं, दुपारी उतरलं, म्हणून तो दिवस कोरा ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. तिथे तिरपी रेघच पाहिजे. बोटॉक्सनंतर पहिल्यांदा बदलतात त्या याच खुणा: फुलीच्या जागी रेघ येते, मग रेघेच्या जागी कोरा चौकोन. आधीच्या नोंदी ढोबळ असतील तर हा बदल तुम्हाला दिसणारच नाही. इंजेक्शनापूर्वीची निदान एका महिन्याची, जमल्यास तीन महिन्यांची वही हाताशी हवी.

गोळ्यांचा हिशेब

त्याच वहीतून दुसरी बेरीज करा, गोळी घेतलेल्या दिवसांची. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, किंवा ट्रिप्टान गटातली (अर्धशिशीचा झटका थांबवायला घेतात ती), ओपिऑइड (अफूच्या जातीचं वेदनाशामक) असलेली अथवा मिश्र घटकांची गोळी १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर गोळीच डोकेदुखीला खतपाणी घालत असण्याची शक्यता असते. दुखतं म्हणून घ्यायची, घेतली म्हणून पुन्हा दुखायचं. हे चक्र कुणी सांगेपर्यंत लक्षात येत नाही. मला सांगितलं तेव्हा राग आला होता, आपल्यालाच दोष देतायत असं वाटलं. दोष कुणाचाच नसतो. दुखतं तेव्हा माणूस गोळीच घेणार. पण ती संख्या डॉक्टरांपासून लपवू नका, कारण त्यावरून पुढचा क्रम ठरतो. काही तज्ज्ञ आधी गोळ्या कमी करायला लावतात, काही इंजेक्शनं देत देत कमी करतात. ओपिऑइड गटातलं किंवा झोपेचं औषध मिसळलेली गोळी रोज घेत असाल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

बोटॉक्सच्या आधीच्या पायऱ्या

सहसा बोटॉक्स हे पहिलं प्रतिबंधक औषध, म्हणजे झटके येऊच नयेत म्हणून घ्यायचं औषध, नसतं. त्याआधी रोज घ्यायच्या गोळ्या देऊन बघतात: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, कँडेसार्टन, फ्लुनारिझिन. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून कोणते उपचार द्यायचे हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेने २०१२ साली बोटॉक्सला मान्यता देताना अट घातली की, किमान तीन प्रतिबंधक औषधांचा उपयोग झालेला नसावा आणि गोळ्यांच्या अतिवापराकडे लक्ष दिलेलं असावं. इतर ठिकाणी आकडा थोडा वेगळा असेल, पण विमा किंवा सरकारी योजनेतून खर्च मिळवायचा असेल तर "कुठलं औषध, किती मात्रेत, किती आठवडे घेतलं आणि का सोडलं" एवढी यादी बहुतेक सगळीकडे मागतात. जुनी चिठ्ठी सापडेल तशी आताच जमवायला लागा. "ती पांढरी छोटी गोळी घेतली होती" एवढ्यावर कुणाचं भागत नाही.

"उपयोग झाला नाही" म्हणताना एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा: औषध पूर्ण मात्रेत निदान दोन महिने घेतलं होतं का? मी एक औषध बारा दिवसांत सोडलं होतं आणि ते "फेल" गेलं म्हणून सांगत होते. तोंड कोरडं पडलं, झोप येत राहिली, म्हणून सोडलं होतं. त्रास झाल्यामुळे सोडणं हेही कारण म्हणून धरतात, फक्त ते तसं सांगायला हवं.

आणि हे सगळं बाजूला ठेवून तातडीने दाखवायला हवं अशी डोकेदुखीही असते. क्षणात शिगेला पोचलेलं, आयुष्यात कधी झालं नाही असं दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. सोबत ताप आणि मान ताठरणं. हातापायातलं बळ जाणं, बोलणं अडखळणं किंवा शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. यांपैकी काही असेल तर वही आणि बोटॉक्स नंतर, आधी रुग्णालय.

कुणाकडून घ्यायचं

इथे मी चुकले, म्हणून सविस्तर सांगते. पहिल्यांदा मी मज्जाविकारतज्ज्ञांकडे न जाता त्वचेचे उपचार करणाऱ्या एका ठिकाणी गेले. बोटॉक्स तेच, मग कुणीही दिलं तर काय बिघडलं, असं वाटलं होतं. कपाळावर पाच-सहा टोचण्या झाल्या. कपाळ गुळगुळीत झालं आणि डोकं पहिल्यासारखंच दुखत राहिलं. औषध तेच असतं, पण जागा आणि मात्रा वेगळ्या असतात. अर्धशिशीसाठी कपाळ हा भाग थोडाच. कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून बाकीचा मोठा भाग असतो. त्या खटाटोपात माझे तीन महिने गेले.

म्हणून वेळ ठरवतानाच विचारा: तुम्ही अर्धशिशीसाठीची ३१ जागांची पद्धत वापरता का? वर्षाला साधारण किती रुग्णांना देता? औषध कोणत्या कंपनीचं? शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा नाही. बोटॉक्समधलं औषध, म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि एकाचं युनिट दुसऱ्याच्या युनिटाइतकं नसतं. दीर्घकालीन अर्धशिशीसाठी जी मात्रा मोठ्या चाचण्यांत तपासली गेली ती बोटॉक्सची, म्हणजे ओनाबोट्युलिनमटॉक्सिन-ए ची.

जाण्यापूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगायच्या गोष्टी: मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायू-मज्जातंतूंचा आजार, गिळायला किंवा श्वास घ्यायला होणारा त्रास, टोचायच्या जागेवरचा संसर्ग, आधी अशा इंजेक्शनाची आलेली अॅलर्जी, रक्त पातळ करणारी औषधं, चालू असलेली अँटिबायोटिक (विशेषतः जेंटामायसिनच्या गटातली), गर्भारपण किंवा त्याचा विचार, अंगावर पाजणं. चेहऱ्यासाठी मागच्या काही महिन्यांत बोटॉक्स घेतलं असेल तर लाजू नका, तेही सांगा, कारण एकूण मात्रा मोजावी लागते. पापण्या किंवा भुवया मुळातच थोड्या उतरलेल्या असतील तर तेही दाखवा. कपाळाच्या स्नायूवर त्यांचा भार असतो आणि तो स्नायू ढिला पडला की भुवई आणखी खाली येते. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी या उपचाराला मान्यता नाही.

औषध नेमकं करतं काय

थोडक्यात सांगते. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूचं हे विष, अत्यंत अल्प मात्रेत शुद्ध करून वापरलेलं. सुरकुत्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या काही जणांनी १९९० च्या दशकात सांगायला सुरुवात केली की, डोकेदुखीही कमी झाली. विल्यम बाइंडर या अमेरिकन शल्यविशारदाने त्याचा पाठपुरावा केला. पुढे प्रीएम्प्ट नावाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१० साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. स्नायू सैल पडतात म्हणून आराम मिळतो असं पूर्वी मानत. आता समजतं ते असं की, हे औषध मज्जातंतूंच्या टोकांशी एसएनएपी-२५ नावाचं प्रथिन तोडतं आणि वेदनेचा निरोप नेणारी सीजीआरपीसारखी रसायनं तिथून बाहेर पडणं अडवतं. टोकांकडून मेंदूकडे सतत जाणारा हा मारा कमी झाला की मेंदूची चिडकी झालेली वेदनाव्यवस्था हळूहळू शांत होते. "हळूहळू" हा शब्द लक्षात ठेवा.

अपेक्षा किती ठेवायची

त्या दोन चाचण्यांत मिळून १,३८४ जण होते आणि सुरुवातीला त्यांचं डोकं महिन्याला सरासरी २० दिवस दुखत होतं. २४ आठवड्यांनी बोटॉक्स घेतलेल्यांचे डोकेदुखीचे दिवस सरासरी ८.४ ने कमी झाले, नुसतं सलाइन टोचलेल्यांचे ६.६ ने. फरक लहान दिसतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण सरासरीत खूप लाभ झालेले आणि अजिबात न झालेले एकत्र मिसळले जातात. दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले अशांचं प्रमाण बोटॉक्स गटात ४७ टक्के आणि दुसऱ्या गटात ३५ टक्के होतं. तुम्ही कुठल्या बाजूला पडाल हे आधी सांगता येत नाही, घेऊन बघावं लागतं. अर्धशिशी यामुळे समूळ जात नाही. वीस दिवसांचे बारा होणं, फुल्यांच्या रेघा होणं आणि गोळी पहिल्याच मात्रेला लागू पडणं, हा खरा फायदा. ज्याने वीस दिवस काढलेत त्याला बारा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

टोचण्याचा दिवस

केस मोकळे किंवा सैल बांधून जा, कपाळावर मेकअप आणि क्रीम नको, गळा रुंद असलेला किंवा पुढून उघडणारा कपडा घाला, म्हणजे खांद्यापर्यंत पोचता येतं. उपाशी जायचं कारण नाही. भूल देत नाहीत, नंतर घरी चालत जाता येतं. त्या दिवशी डोकं दुखत असलं तरी इंजेक्शनं घेता येतात.

एकूण १५५ युनिट, ३१ जागा, प्रत्येक जागी ५ युनिट. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक. सुरुवात समोरून होते: भुवयांच्या आतल्या टोकांशी २, त्यांच्या मधोमध नाकाच्या वर १, कपाळावर ४. मग दोन्ही कानशिलांवर ४-४. पाठ फिरवून बसल्यावर डोक्याच्या मागे ३-३, मानेच्या वरच्या भागात २-२, खांद्यांवर ३-३. ठरावीक जागी जास्त दुखत असेल तर तिथे आणखी ८ पर्यंत टोचण्या देऊन मात्रा १९५ युनिटपर्यंत नेता येते. म्हणून आदल्या दिवशीच आरशासमोर बोट ठेवून पाहा की आपलं दुखणं नेमकं कुठून सुरू होतं, आणि डॉक्टरांना त्या जागी बोट लावून दाखवा. माझं नेहमी डाव्या कानामागून निघतं. हे मी दुसऱ्या फेरीत सांगितलं, पहिल्याच फेरीत सांगायला हवं होतं.

दुखतं का? हो, थोडं. नाकाच्या वरची टोचणी झोंबते आणि डोळ्यांत आपोआप पाणी येतं. कपाळावर कातडी पातळ असल्यामुळे सुई शिरताना आतल्या आत बारीक करकर ऐकू येते. सांगितलेलं नसेल तर दचकायला होतं, काही बिघडलेलं नसतं. कानशिलांवर दाब जाणवतो. खांद्यांवर जवळजवळ काही कळत नाही. मी श्वास सोडताना टोचायला सांगते आणि मनात आकडे मोजते. अकरा-बारापर्यंत आले की सगळ्यात त्रासाचा भाग संपलेला असतो. एकूण पंधरा मिनिटांत उरकतं. कपाळावर डास चावल्यासारखे फुगवटे येतात ते तासाभरात बसतात, कुठे रक्ताचा थेंब येतो, एखाद्या जागी निळं पडतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्या जागा जरा जास्त वेळ दाबून धरायला सांगा.

पुढचे दोन आठवडे

पहिला दिवस टोचलेल्या जागा चोळायच्या नाहीत, मालिश नको, डोक्याला घट्ट पट्टा किंवा हेल्मेट टाळता आलं तर बरं. काही तास आडवं न होण्याचा आणि त्या दिवशी जोराचा व्यायाम न करण्याचा सल्ला बरेच डॉक्टर देतात. एवढं पाळलं की नेहमीचं आयुष्य सुरू.

लगेच आराम पडेल असं समजू नका. परिणाम दिसायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत काहींचं डोकं उलट जास्त दुखतं. मानेचं दुखणं हा सर्वात जास्त आढळणारा त्रास, चाचण्यांत साधारण ९ टक्के लोकांना झाला. मला पहिल्या फेरीत दुसऱ्या आठवड्यात मान जड झाली. बेसिनवर वाकून तोंड धुतल्यावर डोकं वर उचलायला जणू कुणीतरी हात द्यावा असं वाटायचं. साधारण तीन आठवड्यांत गेलं. पुढच्या वेळी ते सांगितल्यावर डॉक्टरांनी मानेतल्या टोचण्या केसांच्या रेषेजवळ, थोड्या वर घेतल्या आणि तसा त्रास परत झाला नाही. सडपातळ मानेच्या माणसांनी हे आधीच बोलून ठेवावं. काहींची पापणी उतरते, काहींच्या भुवईचं बाहेरचं टोक विचित्र वर चढतं. दोन्ही काही आठवड्यांत सुधारतं, पण डॉक्टरांना फोटो काढून दाखवा, म्हणजे पुढच्या फेरीत जागा बदलता येतील.

क्वचित औषधाचा परिणाम टोचलेल्या जागेपलीकडे पसरू शकतो, तोही काही तासांपासून काही आठवड्यांनंतरपर्यंत. गिळता न येणं, आवाज बदलणं, श्वास लागणं, अंगभर अशक्तपणा, एकाचे दोन दिसणं, यांपैकी काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

झटका आला तर नेहमीची गोळी घेता येते, बोटॉक्समुळे ट्रिप्टान बंद करावी लागत नाही. फक्त चौकोनात नोंद करायला विसरू नका.

लागू पडलं की नाही

इंजेक्शनं दर १२ आठवड्यांनी घ्यायची असतात, त्याआधी नाही. पहिल्या फेरीनंतर "काहीच झालं नाही" म्हणून सोडणारे बरेच भेटतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. चाचण्यांत ज्यांना निम्म्याने आराम पडला नव्हता, अशांपैकी काहींना दुसऱ्या फेरीत आणि काहींना तिसऱ्या फेरीत तो पडला. प्रत्येक वेळी सुमारे दहा टक्क्यांची नवी भर होती. माझ्या वहीत पहिल्या फेरीनंतर २२ चे १९ झाले होते. मनाला तर काहीच फरक वाटला नव्हता, पण मोजल्यावर फुल्या ९ वरून ५ वर आलेल्या दिसल्या. त्या चार फुल्यांच्या भरवशावर मी दुसरी फेरी घेतली. तिसरीनंतर १२ दिवस.

तुलना करताना इंजेक्शनापूर्वीचा महिना आणि फेरीतला दुसरा महिना समोरासमोर ठेवा. पहिला महिना परिणाम चढण्यात जातो, तिसऱ्याच्या शेवटी तो उतरायला लागतो. दहाव्या-अकराव्या आठवड्यात डोकं पुन्हा कुरकुरायला लागणं बऱ्याच जणांना जाणवतं. म्हणून पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून निघा, नाहीतर १२ चे १६ आठवडे होतात आणि मिळालेला आराम निम्मा वाया जातो.

नाइसचा निकष असा: दोन फेऱ्यांनंतर डोकेदुखीचे दिवस ३० टक्क्यांनी तरी कमी झाले नाहीत तर थांबवायचं. अनेक तज्ज्ञ तिसऱ्या फेरीपर्यंत थांबतात. त्यानंतरही वही जशीच्या तशी असेल तर दर तीन महिन्यांनी ३१ टोचण्या सोसण्यात काही अर्थ नाही, आणि इथे रस्ता संपतही नाही. २०१८ पासून सीजीआरपीला थेट अडवणारी इंजेक्शनं, उदाहरणार्थ एरेन्युमॅब, उपलब्ध झाली आहेत. एरेन्युमॅब महिन्यातून एकदा त्वचेखाली घ्यायचं असतं आणि बोटॉक्सने ज्यांना आराम पडला नाही अशांपैकी काहींना या इंजेक्शनांचा उपयोग होतो.

उलट बाजू म्हणजे आराम पडला तर किती वर्षं घ्यायचं. सलग तीन महिने डोकेदुखीचे दिवस १५ च्या खाली राहिले तर नाइसच्या मते उपचार थांबवून पाहावा. काही डॉक्टर एकदम न थांबवता दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढवत नेतात. थांबवलं तरी वही चालू ठेवा, निदान सहा महिने. दिवस पुन्हा पंधराकडे सरकू लागले की वही घेऊन परत जा. उपचार पुन्हा सुरू करता येतो, आणि तेव्हा तुमच्याकडे सगळे आकडे तयार असतात.